पितळेचा स्वभाव

बंदुकीच्या काडतुसांवर एक लेख लिहावा असा विचार मीं घरांत बोलून दाखविला, तेव्हां सर्वांत आधीं हंसला तो माझा नातू. त्याचें हंसणें निष्कारण नव्हतें. ज्याच्या सात पिढ्यांत पळी-पंचपात्रीहून जड असें शस्त्र कोणीं उचललें नाहीं आणि जो स्वतः झुरळ दिसलें तरी सुनेला हांक मारतो, त्यानें काडतुसांवर लेखणी चालवावी ही गोष्ट विनोदाचीच आहे. परंतु गेल्या हिवाळ्यांत एकही बार न काढतां मीं काडतुसांच्या संगतींत पुष्कळ दुपारी घालविल्या. आणि एकतीस वर्षें विद्यार्थ्यांना जें शिकवीत आलों, त्याचा अर्थ मला तेथें प्रथम उमगला. ती हकीकत वाचकांना सांगावी एवढाच या लेखाचा हेतु.

मी पुण्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजांत धातुशास्त्र शिकवीत असें. सेवानिवृत्तीनंतर दहा वर्षें आम्ही उभयतां आपल्या घरीं सुखानें राहिलों. मग पत्नी गेली. एवढें मोठें घर एकट्याला खावयास उठूं लागलें. शेवटीं तें विकून चिरंजीवांच्या आग्रहावरून मी अमेरिकेंत, पेनसिल्व्हेनियांतल्या एका लहानशा गांवीं, त्यांच्या घरीं येऊन राहिलों. विमानांत सामानाला वजनाची मर्यादा असते. मीं पुस्तकें वाटून टाकलीं, पण पत्नीचा पाण्याचा पितळी तांब्या तेवढा धोतरांत गुंडाळून आणला. येथें माझी कसलीही आबाळ नव्हती. सूनबाई नोकरी सांभाळून माझें पथ्यपाणी पाही. चहा वेळेवर, आठवड्यांतून दोनदां ज्वारीची भाकरी. तक्रारीला जागा नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर, तक्रारीला जागा नाहीं हीच माझी मोठी तक्रार होती.

आमच्या शेजारीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गृहस्थ राहतात. त्यांची सारी हयात एका कारखान्यांत लेथवर गेली. त्यांच्या मोटारखान्यांत मोटार नाहीं. ती बिचारी बाहेर बर्फांत उभी असते, आणि आंत एक लांबलचक कामाचें टेबल, नाना तऱ्हेचीं हत्यारें व एक लठ्ठ मांजरी यांचा संसार थाटलेला आहे. पहिल्याच भेटींत त्यांनीं माझा व्यवसाय विचारला. ‘धातु’ हा शब्द कानीं पडतांच त्यांनीं फळीवरून एक पितळेची पुंगळी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हटलें, “मग ही काय म्हणते तें मला सांगा!” त्या दिवसापासून आमची मैत्री जमली.

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संच. तळाशीं ठिणगी पाडणारी टोपी, आंत दारू, तोंडाशीं बसविलेली गोळी, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार उडाला कीं पहिल्या तीन वस्तु खर्चीं पडतात. पुंगळी तेवढी मागें राहते. ती साफसूफ करून पुन्हां भरतां येते, आणि हिकमती माणसाच्या हातीं पडली तर तिच्यापासून दुसऱ्याच जातीच्या बंदुकीची पुंगळीही घडवितां येते. आमच्या शेजाऱ्यांचा उद्योग हा दुसरा.

त्यांची बंदूक जपानी आहे. १९३९ सालीं जपानी सैन्यानें ती स्वीकारली. तें जपानी गणनेचें २५९९ वें वर्ष, म्हणून तिचें नांव ‘नव्याण्णव’. शेजाऱ्यांच्या वडिलांनीं ती दुसऱ्या महायुद्धांत फिलिपीन बेटांतून घरीं आणली. तिच्या माथ्यावर सोळा पाकळ्यांचें शेवंतीचें फूल कोरलेलें आहे. तें जपानच्या सम्राटाचें चिन्ह. १९४५ सालच्या शरणागतीनंतर ज्या बंदुका विजेत्यांच्या हवालीं झाल्या, त्यांपैकीं पुष्कळांवरचीं फुलें घांसून टाकलेलीं आढळतात. या बंदुकीवरचें फूल अखंड आहे. तेव्हां ती शरणागतीच्या ढिगांतून आलेली नसावी. कोणा शिपायाच्या हातून, बहुधा त्याच्या मरणानंतर, ती उचललेली असावी. वडिलांनीं याविषयीं जन्मांत एक अक्षर काढलें नाहीं, आणि मुलाला विचारण्याचें धैर्य झालें नाहीं. वडील गेल्यापासून हे गृहस्थ दरवर्षीं त्यांच्या मृत्युदिनीं गांवाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जातात, त्या बंदुकीचे पांच बार काढतात आणि मुकाट्यानें घरीं परततात. पांचच कां, तर तिच्या पोटांत पांच काडतुसें मावतात. हें ऐकून मी मनांत म्हटलें, हें यांचें श्राद्धच कीं! आपण पिंड देतों, हे पांच बार देतात.

परंतु श्राद्धाला सामग्री हवी. या जातीचें काडतूस बाजारांत क्वचित् येतें, आणि येतें तेव्हां महाग असतें. म्हणून शेजारी थर्टी-ऑट-सिक्स या अमेरिकन काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन त्यांना जपानी आकार देतात. हें काडतूस १९०६ सालचें, आणि दोन्ही महायुद्धांत अमेरिकन शिपायाच्या कमरेला हेंच असे. म्हणजे ज्यांच्यावर ती बंदूक रोखली गेली, त्यांचीच पितळ आतां तिला जेवूं घालते! मीं कारण विचारलें तेव्हां शेजारी एवढेंच म्हणाले, “बुड जुळतें.” या विद्येचा तो पहिला नियम आहे. लांबी अधिक असली तर कापतां येते, मान रुंद असली तर आवळतां येते; पण बुडाची घडण घरबसल्या बदलतां येत नाहीं. तें आधींच जुळावें लागतें. इंग्रजांनीं १८७१ सालीं घेतलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीसाठीं हौशी लोक याच न्यायानें २४ नंबरच्या पितळी शिकारी काडतुसांपासून पुंगळ्या घडवितात. आपल्याकडील शिकाऱ्यांच्या परिचयाच्या .३१५ बंदुकीचें काडतूस मूळचें ऑस्ट्रियन मॅन्लिकरचें. त्या जुन्या मॅन्लिकरसाठीं परदेशांतले लोक रशियन पुंगळ्या वापरतात. आपल्याकडे शस्त्रें व दारूगोळा यांना १९५९ चा कायदा लागू आहे. तेव्हां वाचकांनीं हा उद्योग वाचूनच सोडून द्यावा हें बरें.

आतां कृति. पुंगळी स्वच्छ धुऊन तिला बोटानें मेणचट वंगण चोळावयाचें. वंगण कमी पडलें तर ती पोलादी सांच्यांत अशी रुतते कीं काढतां काढतां घाम फुटतो. अधिक झालें तर तें खांद्यापाशीं सांचून तेथें पोचा पाडतें. मग दांडा ओढून पुंगळी सांच्यांत चढवावयाची. एकदम नव्हे; थोडी दाबावी, मागें घ्यावी, पुन्हां थोडी दाबावी. असें करतां करतां खांदा मागें सरकतो, आणि जेथें पूर्वीं पोट होतें तेथें नवी मान तयार होते. ६३ मिलिमीटरची पुंगळी ५८ वर आणावयाची असते, म्हणून वरचा भाग कापून कडा घांसावयाच्या. पोटाची पितळ मानेहून जाड. म्हणून नव्या मानेची जाडी मोजून पाहावी लागते. ती अधिक भरली तर आंतून कोरावी लागते, नाहीं तर गोळी सुटतांना मानेला फुलावयास जागा उरत नाहीं आणि बंदुकींत भलताच दाब वाढतो. इतकें करूनही पुंगळी पूर्ण जपानी होत नाहींच. पहिला हलका बार काढला म्हणजे ती त्या बंदुकीच्या पोटाला आंतून चिकटते आणि तेव्हां तिला शेवटचा आकार येतो.

पण या साऱ्या कारागिरीचा जीव आहे तो ताव देण्यांत. काडतुसाची पितळ म्हणजे सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त. तिचा स्वभाव असा कीं तिला जितकें दाबावें, वांकवावें, ठोकावें, तितकी ती ताठर होत जाते, आणि ताठरपणाची हद्द झाली कीं तडकते. तांब्याचा स्वभावही असाच. पुण्याच्या तांबट आळींतून गेलेल्या वाचकांना हें सांगावयास नको. तांबट भांडें ठोकतो, मग भट्टींत घालतो, पुन्हां ठोकतो. आणि भांड्याला हवा तो आकार आल्यावरच शेवटचें मठारकाम करून त्याला बळकटी आणतो. मधला ताव चुकविला तर भांडें हातांत फुटेल. आमचे शेजारी परातीसारख्या थाळींत पुंगळ्या उभ्या करीत, अर्ध्याहून अधिक बुडतील इतकें पाणी घालीत, दिवा मालवीत आणि एकेकीच्या तोंडावर गॅसची ज्योत धरीत. अंधारांत तोंडाशीं लाली दिसते न दिसते तोंच काडीनें तिला पाण्यांत आडवी पाडीत. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें तर कठीण होतें. पितळेचें तसें नाहीं. तेथें पाण्याचें काम एवढेंच कीं तोंडाची आंच बुडापर्यंत उतरूं द्यावयाची नाहीं. कारण बाराचा सारा जोर बुडाला सोसावा लागतो, आणि तें बुड नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असतें. तोंड मऊ हवें, बुड कठीण हवें. उलट झालें तर पुंगळी नुसती वायां जात नाहीं, माणसाच्या जिवावर उठते.

हें सर्व मी कौतुकानें पाहत असें. बऱ्याचशा गोष्टी मला पुस्तकांतून ठाऊक होत्या. तेथें त्या हातांनीं घडतांना दिसल्या. संध्याकाळीं घरीं येऊन मी नातवाला सांगें, सूनबाई स्वयंपाक करतां करतां ऐके. दिवस बरे चालले होते, निदान मला तसें वाटत होतें.

फेब्रुवारींत माझ्या पत्नीला जाऊन दोन वर्षें पुरीं होत होतीं. तो दिवस तोंडावर आला असतां एके रात्रीं पाहतों तों तिचा तांब्या भांडीं धुण्याच्या यंत्रांतून बाहेर निघालेला. त्या यंत्राचा साबण मोठा तिखट असतो. तांब्याची सोनेरी झळाळी पार उतरली होती आणि अंगावर काळे-तांबूस डाग पडले होते. मीं आवाज चढविला नाहीं. तें आमच्या घराण्यांत नाहीं. अगदीं शांतपणें मी म्हणालों, “असूं दे. तुमच्या घरांत जुन्या वस्तूंना जागा नाहीं, हें मला आधींच कळावयास हवें होतें.” ‘तुमच्या’ हा शब्द मीं समजून-उमजून घातला होता. चिरंजीव खालीं पाहूं लागले. नातू उठून आपल्या खोलींत गेला. सूनबाईनें तांब्या उचलला आणि ती आंत निघून गेली. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पण ती रागामुळें आली नाहीं अशी मीं स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं शेजाऱ्यांकडे गेलों, तों तेही खिन्न बसलेले. गेल्या उन्हाळ्यांत त्यांनीं वीस पुंगळ्यांना आकार दिला होता. आकार झाला आणि गॅस संपला. म्हणून शेवटचा ताव ‘मग देऊं’ म्हणून राहिला, आणि पुंगळ्या उघड्या खोक्यांत घालून खालच्या फळीवर ठेवण्यांत आल्या. आज काढून पाहतात तों सात पुंगळ्यांच्या मानेवर केंसासारख्या उभ्या चिरा. “कोणीं हात लावला नाहीं, दारू भरली नाहीं, बार काढला नाहीं,” ते म्हणाले, “बसल्या जागीं तडकल्या!”

मी खालीं वांकून पाहिलें. फळीच्या अगदीं खालीं मांजरीची वाळूची पेटी होती. तिचा उग्र दर्प नाकांत गेला, आणि एकतीस वर्षें मीं दरसाल वर्गांत सांगितलेली गोष्ट माझ्यासमोर उभी राहिली.

ती गोष्ट आपल्या देशांतली आहे. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांतल्या लष्करी ठाण्यांवर काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांजवळ सांठविलेलीं असत. पावसाळा आला कीं त्यांच्या पुंगळ्या आपोआप चिरूं लागत. इंग्रजांनीं या रोगाचें नांवही ऋतूवरूनच ठेविलें. दोष पावसाचा, कीं हवेचा, कीं पितळेचा, यावर पुष्कळ खल झाला. पुढें मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें उलगडा झाला. घोड्यांच्या मुतारींतून अमोनिया वायु निघतो. ओलसर हवेंत तो पितळेला भिडतो. पण नुसत्या अमोनियानें चीर पडत नाहीं. पुंगळी घडवितांना दिलेला ताण जिच्या अंगांत तसाच कोंडून राहिला आहे, तीच चिरते. मी फळ्यावर तीन शब्द लिहीत असें: पितळ, ताण, वायु. तिघांपैकीं एक काढून घ्या, चीर टळते. पितळ बदलतां येत नाहीं, हवा सर्वत्र बदलतां येत नाहीं; तेव्हां उपाय एकच, ताण काढावा. सुमारें २५० अंश सेंटिग्रेडच्या मंद आंचेवर पुंगळी कांहीं वेळ ठेविली कीं ताण निघून जातो आणि कठीणपणा मात्र कायम राहतो.

मीं हें सारें मोठ्या ऐटींत सांगितलें. पुष्कळ दिवसांनीं मला पुन्हां मास्तर झाल्यासारखें वाटलें. शेजाऱ्यांनीं चिरलेली पुंगळी उजेडांत फिरवून पाहिली आणि ते म्हणाले, “म्हणजे दोष मांजरीचा नव्हे. तिनें फक्त दिवस ठरविला.” मग थोड्या वेळानें, पुंगळीवरची नजर न काढतां, ते पुढें म्हणाले, “माझे वडील युद्धानंतर चाळीस वर्षें शांत होते. एके दिवशीं जेवतांना कोणाच्या तरी हातून चमचा फरशीवर पडला. तेवढ्यावर ते उठून अंगणांत गेले आणि लहान मुलासारखे रडले. आम्ही सगळे चमच्याला दोष देत बसलों.”

त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत साठ पावलें आहेत. तीं साठ पावलें मला त्या दिवशीं फार जड गेलीं. तांब्या काळवंडला तो साबणानें. माझ्या तोंडून जें निघालें त्याच्याशीं साबणाचा काय संबंध? पत्नी गेली तेव्हां मी सर्वांना धीर देत होतों. घर विकलें तेव्हां कागदांवर सह्या करतांना माझा हात हलला नाहीं, आणि लोकांनीं त्याची वाखाणणी केली. येथें आल्यावर तिचें नांव मीं एकदांही मोठ्यानें उच्चारलें नव्हतें. वर्गांत तीन शब्द लिहिणाऱ्या मास्तरला मधला शब्द स्वतःच्या बाबतींत वाचतां आला नव्हता.

घरीं आलों. सूनबाई त्या दिवशीं कामावर गेली नव्हती. मोरीपाशीं उभी राहून ती चिंचेच्या कोळानें आणि मिठानें तो तांब्या घांशीत होती. अर्धा तांब्या उजळला होता.

मी म्हणालों, “सूनबाई, काल मी बोललों तें तांब्याबद्दल नव्हतं.”

ती मागें न वळतां म्हणाली, “मला माहीत आहे, बाबा. आईंचा तांब्या यंत्रांत घालायला नको होता. ती चूक माझीच. पण तुम्ही ‘तुमच्या घरांत’ म्हणालांत ना, तें मात्र रात्रभर टोंचत राहिलं. हें घर कोणाचं, असं मला इथें कधीं वाटलंच नव्हतं.”

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं तिच्या हातांतून तांब्या घेतला आणि उरलेला अर्धा घांसावयास लागलों. घांसतां घांसतां बोलूं लागलों. तिची सासू आजारांत शेवटीं काय म्हणाली, घर रिकामें केलें त्या दिवशीं देवघराच्या कोनाड्यांत मला काय सांपडलें, असें कांहीं कांहीं सांगत गेलों. चिरंजीव संध्याकाळीं परतले तेव्हांही तें बोलणें चाललेंच होतें. तेही कोट न काढतां तेथेंच बसले. आपल्या आईविषयीं त्यांनाही कांहीं बोलावयाचें होतें, आणि तीं दोन वर्षें ते माझ्या तोंडाकडे पाहून गप्प राहिले होते, हें मला त्या रात्रीं कळलें. मंद आंच हवी, आणि वेळ हवा. धातुशास्त्रांत याहून अधिक कांहीं सांगितलेलें नाहीं.

एप्रिलांत शेजाऱ्यांच्या वडिलांचा दिवस आला. त्यांनीं मला बरोबर नेलें. मी कान झांकून बराच मागें उभा होतों. पांच बार झाले. त्यांनीं पांचही पुंगळ्या वेंचून एकेकीची मान नखानें तपासली. एकही चिरली नव्हती. परत येतांना मोटारींत त्यांनीं त्या माझ्या हातांत दिल्या. अजून कोमट होत्या. मान जपानी, पण बुडावर ‘३०-०६’ हे जन्मीचे आंकडे तसेच कोरलेले. ते पुसावयाचे नसतात. फक्त डबीवर नवें नांव ठळक लिहून ठेवावयाचें, म्हणजे कोणाची गफलत होत नाहीं. मला तें वाचून कां कोण जाणे, फार बरें वाटलें.

तांब्या आतां यंत्रांत जात नाहीं. दर रविवारीं मी स्वतः तो घांसतों. चिंच मात्र आदल्या रात्रीं सूनबाईनें भिजत घालून ठेवलेली असते.